आयत्या वेळचा विषय क्रमांक ४: लढणाऱ्या आईने नगरपालिकेत शिरावं की बाहेरच राहावं?

जाईची आई

गावाचं नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. आमच्या उंबऱ्यापासून कचरा डेपोची भिंत माझ्या पावलांनी एकशे साठ पावलं आहे. २०१६च्या घनकचरा नियमांत भरावाची जागा वस्तीपासून २०० मीटर लांब हवी असं लिहिलंय. वस्ती आधीची की डेपो आधीचा यावर आमच्याकडे सहा वर्षं नुसता वाद चालू आहे.

जाई दुसरीत आहे. रात्री डेपो धुमसला की तिची छाती घरघरायला लागते आणि मी मशीन लावून वाफ देते. गल्लीत तीन घरांत मशीन आहे. बाकीच्या जणी वाटीभर साखर मागावी तसं मागून नेतात.

सहा वर्षं निवेदनं दिली. आमच्याच निवेदनावर चहाचा कप ठेवलेला डोळ्यांनी बघितलाय, कागदावर गोल डाग पडला होता. मग प्रभाग महिला राखीव झाला, अपक्ष उभी राहिले आणि ४३ मतांनी आले.

आता परवाची सर्वसाधारण सभा. विषयपत्रिकेवर डेपोचं नावही नव्हतं. दुपारी साडेतीनला सगळे उठायच्या बेतात असताना 'आयत्या वेळचे विषय' सुरू झाले. चौथा विषय डेपोला लागून असलेली जागा विस्तारासाठी घेण्याचा. मी हात वर केला, खुर्ची मागे सारून उभी राहीपर्यंत बाकं वाजली, 'मंजूर, मंजूर'. काल इतिवृत्ताची प्रत मागून घेतली. त्यात 'सर्वानुमते मंजूर'. सर्वानुमते म्हणजे माझ्याही मते!

तरी माझं म्हणणं हेच की आत गेले ते बरं केलं. पोरांच्या छातीत जाणारा धूर दिल्लीत ठरत नाही, तो अशा साडेतीनच्या सभेत ठरतो. तिथे आया बसल्या पाहिजेत. नवरा म्हणतो, बाहेर होतीस तेव्हा घाबरायचे तरी, आता तू त्यांच्यातलीच. बोला.

निर्विकार

भावजी बरोबर बोलतायत.

ताई, अमेरिकेतल्या लव्ह कॅनॉलची गोष्ट ऐकली असेल. न्यूयॉर्क राज्यात नायगारा फॉल्स गावात हूकर केमिकल कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात एका जुन्या अर्धवट कालव्यात वीस हजार टनांहून जास्त रासायनिक कचरा पुरला आणि त्यावर पुढे शाळा झाली. लोईस गिब्ज नावाच्या बाईचा मुलगा त्या शाळेत जायला लागला आणि त्याला फिट्स यायला लागल्या. तिने डॉक्टरांची पत्रं नेली, शाळा बदलून मागितली. नकार मिळाला. तेव्हा तिचं वय सत्तावीसच्या आसपास, सार्वजनिक कामाचा काडीचा अनुभव नाही. ती दारोदार फिरली, कुणाकडे कोण आजारी आहे ते वहीत लिहून काढलं. सरकारी आरोग्य खात्याने ते आकडे बायकांचा उद्योग म्हणून उडवून लावले.

पण जिंकली कशी ते बघा. ती नगरसेविका नव्हती, कसलंही पद नव्हतं, वस्तीतल्या घरमालकांच्या संघटनेची अध्यक्ष होती एवढंच. ऑगस्ट १९७८मध्ये राज्याने पहिल्या २३९ कुटुंबांची घरं विकत घ्यायचं ठरवलं, आणि त्याच नोव्हेंबरात गव्हर्नर ह्यू केरी यांची निवडणूक होती. उरलेल्यांना टांगून ठेवलं. मग १९ मे १९८०ला लोकांनी केंद्राच्या पर्यावरण खात्याचे दोन अधिकारी संघटनेच्या घरात काही तास अडकवून ठेवले. दोनच दिवसांत राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्या वस्तीसाठी दुसऱ्यांदा आणीबाणी जाहीर केली. तेही निवडणुकीचंच वर्ष.

म्हणजे उमेदवाराला घाम फोडायचा, आपण उमेदवार व्हायचं नाही. तुम्ही आत जाऊन तुमचा दबावच मोडून टाकलात. उद्या मोर्चा काढलात तर म्हणतील, सभागृहात बोला ना मॅडम.

(अधिकारी अडकवण्याचं अनुकरण करू नये. आपल्याकडे सरकारी कामात अडथळ्याचं कलम लागतं आणि जामिनाला कुणी येत नाही.)

बफेलोची कुलकर्णी

मी तिथून जवळच राहते. देशातून पाहुणे आले की धबधबा दाखवायला नेते. तिथून गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर ती जागा आहे, कुंपणाआड नुसतं गवत. पाहुण्यांपैकी आजवर एकानेही विचारलं नाही की इथे घरं का नाहीत.

निर्विकार, तुम्ही गोष्ट १९७८पासून सुरू केलीत. १९५३पासून करा. ती जमीन हूकरने गावच्या शाळामंडळाला १ डॉलरला विकली. करारात लिहून दिलं होतं की इथे रासायनिक कचरा पुरलाय आणि पुढे काही झालं तर जबाबदारी आमची नाही. मंडळाने वाचून सही केली. बांधकामात गाडलेली पिंपं लागली तेव्हा इमारत थोडी बाजूला सरकवली. सरकवली, रद्द नाही केली!

विष कंपनीचं, पण त्यावर शाळा बांधायचा ठराव गावच्याच माणसांचा. गिब्जबाईंची सगळी लढाई पंचवीस वर्षांपूर्वीची एक बैठक निस्तरण्याची होती. जाईच्या आईच्या समोर ती बैठक आत्ता चालू आहे. १९५३ आणि १९७८ यांपैकी कुठे बसायला आवडेल, मला तरी पहिल्यातच.

निर्विकार

१९५३ला त्या मंडळावर एखादी आई असती तरी १ डॉलरची जमीन कोण सोडतंय? हिनेही हात वर केलाच होता की. बाकं वाजली.

मोगरा

मला तर प्रश्नच पडला नाही आत की बाहेर. तीन मुलं, तिन्ही वेगवेगळ्या बाळंतपणांची. महाराष्ट्रात सप्टेंबर २००१ नंतर दोनपेक्षा जास्त मुलं झालेल्याला स्थानिक निवडणुकीत उभं राहता येत नाही. आमदारकीला चालतं! म्हणजे कचऱ्यावर बोलायला मी अपात्र, कायदे करायला पात्र.

आणि एक. दारूच्या दुकानाला बायका 'बाटली आडवी' करू शकतात. प्रभागातल्या निम्म्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीवर मत दिलं की दुकान बंद. नवरा पिऊन येतो त्यावर मत आहे, पोरगी खोकते त्यावर नाही. घाला की 'डेपो आडवा' मतपत्रिकेवर. मग कुणाला आत जायची गरज नाही.

निर्विकार

मोगराताई, या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने. पहिल्यांदाच होतंय.

फुरसुंगीचा पाहुणा

सगळं ठीक, पण एक कडू बोलतो, राग मानू नका.

डेपो तुमच्या दारातून उठला तर जाणार कुठे? हवेत? उरुळी देवाची आणि फुरसुंगी या आमच्या भागाने पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं झेलला. विहिरींचं पाणी गेलं, तरण्या पोरांची लग्नं जमेनात, कारण पोरीचे आईबाप घर बघायला यायचे आणि वास घेऊन परत जायचे. गाड्या अडवल्या की मंत्री यायचे, तारीख द्यायचे, गाड्या सुरू. २०१७ला गावं महापालिकेत घेतली, पुढे वगळून वेगळी नगरपरिषद केली.

पुण्यातल्या नगरसेवकांनी तेव्हा आपापल्या प्रभागातल्या आयांचंच ऐकलं होतं. 'आमच्या इथे प्रकल्प नको.' त्यांच्या आयांना मतं होती, आमच्या आयांना त्या सभागृहात मत नव्हतं. उद्या ताई तुम्ही जिंकलात तर डेपो अशा गावाला जाईल जिथली बाई तुमच्या मतदारयादीत नाही. मग ती पावलं मोजत बसेल.

म्हणून माझा विरोध आईला नाही, प्रभागाला आहे. प्रभागातून निवडून आलेला माणूस कचरा फक्त ढकलू शकतो.

ठिगळ

पाहुण्यांना अनुमोदन. लव्ह कॅनॉलमध्येही हेच झालं. शेजारीच सरकारी घरांत भाड्याने राहणारी, बहुतेक कृष्णवर्णीय कुटुंबं होती. घर विकत घ्यायचं ठरलं ते मालकांचं, भाडेकरूचं काय विकत घेणार? त्यांना वेगळी संघटना काढावी लागली. फोटो आले ते मालकांच्या वस्तीचे.

माझी आई कचरा वेचायची. डेपो बंद म्हटलं की मला पहिल्यांदा तिचा हुक आठवतो, लोखंडी, टोकाला वाकवलेला. ढिगातून पिशव्या ओढायला. डेपोवर तीही खोकायचीच. पण 'डेपो हटाव' मोर्चा गेटवर आला की आधी आम्हालाच बाहेर काढायचे, गाड्या मागच्या बाजूने चालूच. पुण्यात २००८पासून 'स्वच्छ' ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था दारात जाऊन ओला-सुका वेगळा घेते. दारातच वेगळा झाला तर डेपोला जाणारा ढीग निम्मा होईल. नगरसेविकाबाई, तुमच्या प्रभागात दारावर वेगळा करून घेतात का? का गाडीत एकत्रच?

जाईची आई

ठिगळ, एकत्रच. आमच्याही घरून एकत्रच जायचा, गेल्या दिवाळीपर्यंत. लपवून काय करू.

पाहुणे, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. विस्ताराची जागा कुणाच्या शेताला लागते ते मीही बघितलं नव्हतं, काल रात्री नकाशा काढला. पलीकडे एक पाडा आहे. मतदान दुसऱ्या ग्रामपंचायतीत.

निर्विकार, बाहेर असते तर आयत्या वेळचा विषय क्रमांक ४ मला जेसीबी आल्यावर कळला असता.

निर्विकार

मान्य. पण कळून काय केलंत? ठराव तर झाला.

निवृत्त लेखनिक

बावीस वर्षं एका नगरपरिषदेत सभा विभागात होतो. 'सर्वानुमते' मी माझ्या हाताने किती वेळा लिहिलं याची गणती नाही. खरं सांगायचं तर आधी मसुदा तयार असायचा, सभा नंतर व्हायची. कुणी विरोध केला तर साहेब विचारायचे, 'लेखी दिलाय का?' नसेल तर विरोध झालाच नाही. हात वर केलेला कागदावर उमटत नाही, बाई.

आता नीट ऐका. इतिवृत्त अजून कायम झालेलं नाही. पुढच्या सभेत पहिला विषय तोच असतो, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. सगळे चहा पीत असतात तेव्हा. त्या वेळी उभं राहून सांगा की विषय ४ला माझा विरोध होता, तशी दुरुस्ती करा, आणि हे आधी लेखी देऊन पोच घ्या. दुसरं, नगरपरिषद अधिनियमाचं कलम ३०८. त्यात ठरावाची अंमलबजावणी थांबवायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. अर्ज कुणीही करतो, पण सदस्याच्या सहीचा अर्ज आला की टिपणी वेगळी लिहिली जाते. मी लिहिलेल्या आहेत.

आत-बाहेर वादात मला पडायचं नाही. एवढंच सांगतो, आम्ही मोर्च्याला कधी घाबरलो नाही, दुपारी उन्हात लोक पांगतात. विषयपत्रिका घरी नेऊन वाचणाऱ्या एक बाई होत्या आमच्याकडे. त्या आल्या की साहेब पेनाचं टोपण उघडझाप करायचे.

निर्विकार

काका, त्या बाई पुन्हा निवडून आल्या?

निवृत्त लेखनिक

नाही. पुढच्या वेळी प्रभागाचं आरक्षण फिरलं. त्यांच्या जागी ठेकेदाराचा भाऊ आला.

निर्विकार

हेच म्हणत होतो.

बफेलोची कुलकर्णी

पण पाच वर्षं टोपण उघडझाप झालं ना.

फुरसुंगीचा पाहुणा

ताई, त्या पाड्यावर आधी जाऊन या. लेखी विरोधात तुमच्या गल्लीच्या २०० मीटरबरोबर त्यांचंही अंतर मोजून टाका. तसं केलंत तर मी माझा विरोध मागे घेतो, तोपर्यंत नाही.

जाईची आई

आज दुपारी जाऊन आले. टेपने मोजलं, पावलांनी नाही. विहीर ९० मीटरवर, सगळ्यात जवळचं घर १२०. तिथल्या एका आजींनी विचारलं, कुठल्या पक्षाची? अपक्ष म्हटल्यावर पाणी दिलं.

काका, पुढच्या सभेची विषयपत्रिका आली. विषय १ तुम्ही म्हणालात तोच आहे. लेखी विरोधाचा मसुदा मध्यरात्रीपर्यंत इथे टाकते, कलमं तेवढी तपासा. आत्ता लाईट गेलीय, मशीन बॅटरीवर चालू आहे.