आईच्या डिप्रेशनच्या गोळ्या, मळमळ आणि गुंगी: किती दिवस वाट बघायची?

मंडळी, मदत हवी आहे. आम्ही ठाण्यात, वर्तकनगरला राहतो. आई ६८ वर्षांची. बाबा गेल्यापासून तिची झोप, जेवण सगळंच बिघडलं; उपवनला तळ्यावर फिरायला जायची, तेही सुटलं. शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी एसिटालोप्रॅम आधी ५, मग १० केली, आणि रात्री झोपेसाठी क्लोनाझेपाम ०.२५ थोडे दिवसच घ्यायची म्हणाले. बीपीची टेल्मिसार्टन जुनीच आहे, स्ट्रिपवर नावापुढे 'एच' लिहिलंय. गुडघे फारच दुखले की पेनकिलर.

सुरुवातीला मळमळ आणि धडधड होती, ती जरा कमी झाली होती. या आठवड्यात मात्र मळमळ परत, डोकं जड, चालताना भिंतीचा आधार. काल कुकर गॅसवर ठेवला, शिट्टी ओट्यावरच. वर मलाच विचारते, "आज कोण येणारे जेवायला?" वहिनी म्हणते या गोळ्यांनी माणूस असाच गुंगतो, बंद करा. मावशी म्हणते डिप्रेशन वाढलंय, डोस वाढवून घ्या. दवाखान्यात फोन केला तर रिसेप्शनवरून "सुरुवातीला होतं असं" एवढंच. पुढची तारीख लांब आहे. थांबावं का?

निसर्गवेडा: या गोळ्या मेंदू बधीर करतात, एकदा लागल्या की सुटत नाहीत. आजच बंद करा आणि अश्वगंधा चालू करा.

जुनाठाणेकर: निसर्गवेडा, एसिटालोप्रॅम असं एकदम तोडायचं नसतं हो. मी परस्पर सोडली होती तेव्हा चक्कर, चिडचिड आणि मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं व्हायचं. नंतर डॉक्टरांनी हळूहळू उतरवली, काही झालं नाही. बाकी घाम येणं, तोंड कोरडं पडणं, जांभया हे मीही काढलंय. आणि कुणी उघड बोलत नाही म्हणून सांगतो, लैंगिक इच्छा कमी होणं हा या गटाचा अगदी नेहमीचा त्रास आहे. लाजून गोळी सोडण्यापेक्षा डॉक्टरांना सांगावं, पर्याय असतात.

औषधवाली: ताई, मी कळव्याला मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे. पहिल्या दिवसांतली मळमळ वेगळी आणि ही वेगळी वाटते मला. एसिटालोप्रॅम मेंदूतल्या पेशींना सेरोटोनिन (पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन) परत शोषू देत नाही. हे काम पहिल्या गोळीपासूनच सुरू होतं, पण मनाला उभारी यायला २ ते ६ आठवडे जातात, कारण पेशींना त्या बदलाशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यांत असतं, म्हणून पोट आधी कुरकुरतं. ते साधारण आठवडा-दोन आठवड्यांत निवळतं. क्लोनाझेपाम उलट त्याच रात्री काम करते, तेवढ्यासाठीच ती सुरुवातीला जोडतात. वयस्कर माणसाला तिच्याने गुंगी येते, तोल जातो, आणि सवय लागते ती तिचीच. रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवा.

पण माझं लक्ष त्या 'एच'वर गेलं. एच म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणारं औषध. एसिटालोप्रॅमच्या गटामुळे वयस्कर माणसांत, त्यातही बायकांत, शरीर पाणी धरून ठेवतं आणि रक्तातलं सोडियम पातळ होतं. दोन्ही एकत्र असली की धोका वाढतो, आणि बहुतेकदा हे पहिल्या काही आठवड्यांतच होतं. मळमळ, डोकं जड, झोकांड्या, विसरल्यासारखं बोलणं, सगळं त्यात बसतं. दिसतं मात्र डिप्रेशनसारखंच, त्यामुळे मावशींचंही चुकलं नाही. आजच सोडियम तपासा, नॉर्मल १३५ ते १४५. साधी रक्ततपासणी आहे, रिपोर्ट त्याच दिवशी मिळतो. रिसेप्शनवर थांबू नका, "आई असंबद्ध बोलतेय" असं थेट डॉक्टरांच्या कानावर घाला. ते भेटले नाहीत तर फिजिशियन गाठा. उलट्या, फिट किंवा उठवूनही जाग येत नसेल तर सरळ कॅज्युअल्टी.

घरच्या घरी मीठ वाढवू नका, बीपी आहे. पेनकिलर तूर्त बंद; डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन वगैरे एसिटालोप्रॅमबरोबर घेतल्या तर पोटात रक्तस्राव व्हायची शक्यता वाढते. काय चालतं ते डॉक्टरांना विचारा. जाताना सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून न्या, बीपीच्यासुद्धा. मनाच्या डॉक्टरांना बीपीची गोळी कुठली हे पुष्कळदा कुणी सांगतच नाही.

धागाकर्ती: औषधवाली, तुमचे उपकार कसे फेडू! सोडियम १२४ आलं. फिजिशियननी लगेच ॲडमिट करून घेतलं. पाण्यावर मर्यादा घातली, एच असलेली गोळी काढून साधी टेल्मिसार्टन दिली, आणि मानसोपचारतज्ज्ञांशी बोलून एसिटालोप्रॅम थांबवली. सोडियम हळूहळूच वर आणावं लागतं म्हणाले, एकदम वाढवलं तर मेंदूला इजा होते, म्हणून सारखं रक्त घेतात. आज १३२ आहे. आईने मला ओळखून शिव्या दिल्या, गाऊन उलटा का घातलास म्हणून.

घरी आल्यावर एसिटालोप्रॅमऐवजी रात्री मिर्टाझापिन ही डिप्रेशनचीच दुसरी गोळी द्यायची आहे. सोडियमला ती बरी, झोपही लागेल म्हणाले, पण भूक आणि वजन वाढतं. आईची साखर काठावर आहे. वयस्कर माणसाला ही दिलेलं कुणी आहे का इथे? वजन किती दिवसांनी बघत होतात, आणि सकाळची सुस्ती कशी सांभाळली?