स्टुटगार्ट ६५ हजार युरो, दुबई १६ हजार दिरहॅम, की सांगलीतच? हिशेब कसा मांडावा

विश्रामबाग_एमएच१०

नमस्कार मंडळी. दोन ऑफर हातात आहेत, उत्तर द्यायला तीन आठवडे.

सध्या पुण्याच्या कंपनीत एम्बेडेड सॉफ्टवेअरचं काम, तेही सांगलीतून घरूनच. सीटीसी १८ लाख, हातात १ लाख २२ हजार. बायको मिरजेत स्टाफ नर्स, बीएस्सी नर्सिंग, पगार २८ हजार. मुलगी ४ वर्षांची. घर स्वतःचं, कर्ज नाही. आई-वडील सोबत, वडिलांना मधुमेह. सगळं धरून महिन्याचा खर्च ५० हजार, म्हणजे दोघांच्या पगारातून १ लाख मागे पडतात. तासगावकडे थोडी बाग आहे, ती वडिलांच्या नावावर.

पहिली ऑफर स्टुटगार्टची, वर्षाला ६५,००० युरो. दुसरी दुबईची, महिना १६,००० दिरहॅम, त्यात घरभाडं धरलेलं, शाळेचा भत्ता नाही. पाहुणे म्हणतात ६५ लाख मिळतायत, विचार कसला करतोस. क्रयशक्तीचा (दोन देशांतल्या किमती बघून पगार जुळवणारा) कॅल्क्युलेटर म्हणतो, हे भारतातल्या १९ लाखांच्या आसपास आहे. धरायचं कुठलं?

हिशेबवही

पाहुण्यांनी आख्खा पगार विनिमय दराने गुणला. कॅल्क्युलेटरने आख्ख्या पगाराला क्रयशक्ती लावली. पगाराचे दोन भाग असतात आणि दोघांना वेगळं माप लागतं. जो पैसा तिथेच खर्च होणार, त्याचे रुपये करूच नका. तुमचं आजचं राहणीमान तिथे किती युरोत बसतं, एवढंच बघा. जो मागे उरून सांगलीला येणार, फक्त त्याला विनिमय दर लावा. शिवाय क्रयशक्तीचा आकडा आख्ख्या देशाची सरासरी असतो. त्यात विश्रामबागेतलं स्वतःचं घर नाही आणि स्टुटगार्टचं भाडंही नाही. शहरांची तुलना करणाऱ्या साइटवरचे आकडे वापरणारे लोकच भरतात. स्टुटगार्टसाठी ते ठीक असतात, सांगलीसाठी भरणारे हाताच्या बोटांवर. सांगलीची बाजू स्वतःच्या बँक पासबुकावरून, मागच्या १२ महिन्यांच्या नोंदींवरून काढा.

आता स्टुटगार्ट. ६५,००० मधून आधी सामाजिक विमा जातो. पेन्शन ९.३ टक्के, बेकारी विमा १.३ टक्के, आरोग्यविमा साडेआठ-पावणेनऊ टक्के, वर शुश्रूषा विमा (पुढे कधी सेवेला माणूस लागला तर त्यासाठीचा). मग प्राप्तिकर. तो तुमच्या करवर्गावर ठरतो. बायको तिथे राहायला आली आणि कमवत नसेल तर वर्ग ३ मिळतो. मग हातात महिना साधारण ३,७५० युरो येतात. वर्ग १ मध्ये, म्हणजे एकट्या माणसाच्या वर्गात, हेच ३,३५० होतात. चूक इथेच होते. बायको-मुलगी सहा महिन्यांनी येणार असतील तर तोपर्यंत वर्ग १ नेच कापलं जातं. त्या आल्यावर नगरपालिकेत पत्ता नोंदवला की आपोआप वर्ग ४ पडतो, ३ साठी फिनान्सआम्टकडे, म्हणजे तिथल्या कर कार्यालयाकडे, वेगळा अर्ज लागतो. त्याच कॅलेंडर वर्षात त्या आल्या तर रिटर्न एकत्र भरून जास्त कापलेलं परत मिळतं. म्हणून जानेवारीत येण्यापेक्षा डिसेंबरात आलेलं बरं.

मुलीचं किंडरगेल्ड, म्हणजे मुलामागे मिळणारा सरकारी भत्ता, २०२६ मध्ये महिना २५९ युरो. एकूण आवक ४,००० धरा.

खर्च. जाहिरातीत भाडं बहुतेक ‘काल्ट’ लिहितात, म्हणजे हीटिंग-पाणी-कचरा सोडून. ‘वार्म’ आकडा विचारा. स्टुटगार्टजवळच्या एसलिंगेन, ब्योब्लिंगेनकडे तीन खोल्यांचं घर वार्म १,५०० धरून चाला. तिथे तीन खोल्या म्हणजे हॉल आणि दोन बेडरूम, स्वयंपाकघर त्यात मोजत नाहीत. वीज ८०, इंटरनेट ४०, मोबाइल २५. रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी घरामागे १८.३६, टीव्ही नसला तरी. किराणा ५५०. डॉइचलांडटिकेट (देशभर लोकल गाड्या-बसला चालणारा महिन्याचा पास) जानेवारी २०२६ पासून ६३, दोघांचे १२६, ६ वर्षांखालच्या मुलीला तिकीट नाही. बालवाडी ३००. बर्लिनमध्ये ती फुकट आहे, स्टुटगार्टकडे पैसे पडतात. कपडे वगैरे २००, नुकसानभरपाईचा कौटुंबिक विमा ६, वर्षातून एकदा तिघांची भारतवारी वाटून महिना २३०. बेरीज ३,०७५. उरतात साधारण ९२५ युरो, १०० रुपयांच्या दराने ९२,५०० रुपये.

आता यातून सांगलीचं घर वजा करा. तुम्ही गेलात म्हणून आई-वडिलांचा किराणा, औषधं, वीजबिल थांबत नाही. उलट सोबतीला माणूस ठेवावा लागतो. १५ ते २० हजार धरा. राहिले ७५ हजार. आज इथे १ लाख मागे पडतात आणि पीएफ वेगळा. एकट्याच्या पगारावर स्टुटगार्टमध्ये तुमची शिल्लक आजच्यापेक्षा कमी आहे. हा आकडा स्वतःच्या हाताने एकदा मांडून बघा, मगच पुढचा विचार करा.

सुरुवातीचा खड्डा वेगळा. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांचं काल्ट भाडं. कायद्याने ते तीन हप्त्यांत देता येतं, हे मालक सांगत नाही. बऱ्याच घरांत ओटा, सिंक, कपाटं काहीच नसतं, भिंतीतून नळाचे पाइप तेवढे निघालेले असतात. पहिले दोन-तीन महिने सामानासकट मिळणारी महाग खोली. १० हजार युरो हाताशी हवेत. कंपनी स्थलांतराचा खर्च देणार असेल तर रक्कम ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या. इथून पैसे पाठवणार असाल तर आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर) लागत नाही.

आरोग्यविम्याचंही सांगतो. सरकारी फंडात न कमावणारी बायको आणि मूल त्याच हप्त्यात येतात. खासगी कंपन्यांचा एजंट एकट्या माणसाचा हप्ता दाखवतो. तिथे प्रत्येकाचा हप्ता वेगळा आणि परत सरकारीत येणं अवघड.

दिरहॅम_ते_रुपया

दुबईची बाजू मी मांडतो.

प्राप्तिकर नाही, म्हणून १६,००० पूर्ण हातात. २४ रुपयांनी ३ लाख ८४ हजार, इथेच डोळे दिपतात. अल नाहदा, अल कुसैस भागात वन बीएचके वर्षाला ७२,००० धरा, महिना ६,०००. त्यावर भाड्याच्या ५ टक्के नगरपालिका शुल्क, ते वीज-पाण्याच्या बिलात येतं, ३००. वीज-पाणी एसीसकट ५००. इंटरनेट ३७०, फोन २५०, किराणा २,०००, मेट्रो आणि टॅक्सी ७००, सीबीएसई शाळेची फी आणि बस १,५००, बाकी १,०००, भारतवारी ३५०. झाले १२,९७०. उरले ३,००० दिरहॅम, ७२ हजार रुपये. सांगलीच्या घराचे १५-२० हजार यातूनही जाणार. म्हणजे स्टुटगार्टपेक्षाही कमी.

भाडं पुढच्या तारखांच्या चेकने द्यावं लागतं. चार चेकवर मालक तयार झाला तर पहिला १८,०००, डिपॉझिट ५ टक्के ३,६००, एजंट ५ टक्के ३,६००, वीज जोडणीची अनामत २,०००, करारनोंदणीचे २२० च्या आसपास. घरात पाय ठेवायच्या आधी साडेसहा लाख रुपये. कंपनीकडून उचल मिळते का विचारा.

दुसरं, मूळ पगार किती लिहिलाय? पेन्शन नाही, फक्त ग्रॅच्युइटी. पहिल्या पाच वर्षांत दर वर्षाला २१ दिवसांचा *मूळ* पगार. मूळ ८,००० असेल तर वर्षाचे ५,६०० दिरहॅम, ६,४०० असेल तर ४,४८०. ऑफरवर सही करायच्या आधी मूळ पगाराचा भाग वाढवून मागा, कंपनीला लगेच काही जास्त द्यावं लागत नाही. शाळेची इयत्तावार फी केएचडीएच्या, म्हणजे दुबईच्या शिक्षण खात्याच्या, साइटवर शाळेच्या नावानिशी असते, अंदाज लावत बसू नका. विमा तुमचा कंपनी काढते. बायको-मुलीचा कोण काढणार, हे लिहून घ्या, नाहीतर तो तुमच्याच खिशातून.

तारीखही बघा. नोकरीसाठी बाहेर जाताना त्या आर्थिक वर्षात भारतातले दिवस १८२ पेक्षा कमी भरले तर तुम्ही अनिवासी. म्हणजे २८ सप्टेंबरच्या आत निघालात तर त्या वर्षीच्या दुबईच्या पगारावर इथे कर नाही. नोव्हेंबरात निघालात तर मार्चपर्यंतचा तो पगार इथल्या करात धरला जाईल. जॉइनिंग डेट पुढे-मागे करता येते, म्हणून आत्ताच सांगतोय.

कृष्णाकाठ

वरचे दोन्ही हिशेब चोख आहेत. जे रुपयात बसत नाही त्याचंही थोडं बोलू.

वडिलांना रात्री त्रास झाला तर विश्रामबागेतून मिरजेची हॉस्पिटलं १५-२० मिनिटांवर. दुबईहून निघालात तर विमान तीन-सव्वातीन तास आणि मग मुंबई ते सांगली गाडीने सात-आठ तास. सकाळी निघालेला माणूस रात्री पोचतो. स्टुटगार्टहून आधी फ्रँकफर्ट किंवा म्युनिक, मग मुंबई, मग रस्ता. तिकीट लगेच मिळालं तरी एक पूर्ण दिवस. पावसाळ्यात कृष्णेला पाणी चढलं की आणखी वेळ. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी गावभागात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून जायच्या आधी वडिलांचा आरोग्यविमा, डॉक्टर, औषधांचा दुकानदार आणि रात्री धावून येणारा एक माणूस या चार गोष्टी कागदावर ठरवा. जर्मनीत १ मार्च २०२४ नंतर परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना आई-वडिलांना नेण्याची वाट कायद्यात आहे, पण त्यांचा तिथला आरोग्यविमा दाखवावा लागतो आणि उतारवयात तिथेच अडतं. तिचा भरवसा धरू नका.

जर्मनीच्या बाजूने बोलायचं तर आजारपणात सहा आठवडे पूर्ण पगार, रजा कायद्याने किमान २० दिवस आणि प्रत्यक्षात बहुतेक कंपन्यांत २८-३०. शाळेला फी नाही. मुलगी ४ वर्षांची असताना गेली तर सहाव्या वर्षी शाळेत बसेपर्यंत जर्मन बोलायला लागते. नवव्या वर्षी गेलेल्या मुलाचे हाल होतात, कारण चौथीनंतर शाळांचे रस्ते वेगळे होतात. हा फरक तुमच्या बाजूचा आहे. बालवाडीची जागा मात्र हक्क असूनही पटकन मिळत नाही. करार झाल्या दिवशीच अर्ज टाका.

आता बाग. अनिवासी झाल्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही. आहे ती ठेवता येते, वारसाने येते. शेजारचे २० गुंठे घ्यायचे मनात असेल तर जायच्या आधी. सातबाऱ्यावरच्या कामांसाठी कुलमुखत्यारपत्र नोंदणी करून द्या, साध्या स्टँपवरचं चालवून घेत नाहीत. बँकेतलं बचत खातं एनआरओ (अनिवासींचं, इथल्या उत्पन्नासाठी) करून घ्यायचं आणि पगार पाठवायला एनआरई (अनिवासींचं, बाहेरच्या कमाईसाठी) उघडायचं. एनआरईच्या व्याजावर इथे कर नाही, जर्मनीत मात्र जगभरचं व्याज दाखवावं लागतं. चालू पीपीएफ मुदत संपेपर्यंत ठेवता येतो, वाढवता येत नाही.

विश्रामबाग_एमएच१०

मनापासून आभार. म्हणजे सगळं बायकोच्या नोकरीवर येऊन ठेपतंय. ती तयार आहे. नर्सिंगचं जर्मनीत किती वेळात जमतं, आणि त्याने आकडा कितीने हलतो?

हिशेबवही

हो, तिथेच येऊन ठेपतंय. तुम्हाला ब्लू कार्ड (पदवीधरांचा कामाचा परवाना) मिळालं तर मॅडमना येतानाच काम करायची पूर्ण मुभा असते आणि आधी ए१ची, म्हणजे जर्मन भाषेच्या पहिल्या पातळीची, परीक्षा मागत नाहीत. ब्लू कार्डची २०२६ ची पगाराची अट ५०,७०० युरो आहे, तुम्ही वर आहात. तुमचं विद्यापीठ अनाबिनच्या (परदेशी पदव्यांची जर्मन यादी) यादीत एच-प्लस, म्हणजे मान्यताप्राप्त, आहे का, ते आजच बघा.

नर्स म्हणून पदवीची मान्यता लागते. बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये, म्हणजे स्टुटगार्टच्या राज्यात, अर्ज रेगीरुंग्सप्रेझिडियुम स्टुटगार्ट या सरकारी कार्यालयाकडे जातो. विषयांचे तास आणि प्रॅक्टिकलचे तास दाखवणारं पत्र कॉलेजकडून घ्यावं लागतं. ते सांगलीत असतानाच घ्या, तिकडून मागवताना महिने जातात. तास कमी पडले तर ज्ञानचाचणी किंवा हॉस्पिटलातला पूरक प्रशिक्षणकाळ. भाषा बी२. शून्यापासून बी२ ला नोकरी सांभाळून सव्वा ते दीड वर्ष धरा. म्हणून ए१, ए२ इथेच उरकून घ्या, तिकडे पहिल्या दिवसापासून बी१ सुरू होईल. मान्यता येईपर्यंत सहायक म्हणून काम मिळतं.

मान्यता झाल्यावर पूर्ण वेळ काम धरलं तर कर-विमा वजा जाऊन घरात महिना दीड ते पावणेदोन हजार युरो वाढतात. ते मिळवले की तुमची शिल्लक ७५ हजारांवरून सव्वादोन लाखांच्या पुढे जाते. तोपर्यंतची दोन वर्षं सांगलीपेक्षा कमी शिल्लक पडेल, ती आधीच बाजूला काढून ठेवा. महिना २५ हजारांप्रमाणे ६ लाख. डिपॉझिट-ओट्याचे १० लाख वेगळे.

एक तपासा. मॅडमच्या बीएस्सीच्या कागदांवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, असं असेल तर महानगरपालिकेच्या विवाह प्रमाणपत्रात दोन्ही नावं आहेत का ते बघून घ्या. मुलीच्या जन्मदाखल्यावर तिचं नाव चढलंय का, तेही. ही दुरुस्ती व्हिसाची अपॉइंटमेंट घेण्याआधी.