पंधरा दिवसांनी मधमाश्यांची पेटी उघडणं फुलोऱ्यात चालत नाही

मधमाश्यांची पेटी तपासायला 'दर पंधरा दिवसांनी उघडली की पुरे' असं काही जण म्हणतात, ते थंडीत ठीक, तेव्हा तर त्याहून कमीच उघडावी. पण फुलोरा सुरू झाला की नाही. मेलिफेराच्या (पेटीत पाळतात त्या युरोपीय मधमाशीच्या) राणीचं घर, म्हणजे नवी राणी वाढते तो कप्पा, अंडं घातल्यापासून साधारण ८ व्या दिवशी बंद होतं, आणि सहसा त्याच सुमारास जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन पेटी सोडून उडते. नवी राणी १६ व्या दिवशी बाहेर येते. म्हणजे पंधरा दिवसांनी तुम्ही फक्त पंचनामा करायला जाता.

मी एकदा कामाच्या गडबडीत दहाव्या दिवशी झाकण काढलं. चौकटीच्या (पोळं धरणाऱ्या लाकडी फ्रेमच्या) खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगांसारखी चार राणीघरं, तोंडं बंद, आणि पेटीत माश्यांची गर्दी निम्मी. तेव्हापासून फुलोऱ्यात ७ दिवसांचा नेम मोडत नाही. सगळ्या चौकटी उपसायची गरज नसते (माश्या वैतागतात, आपणही). पिल्लांच्या चौकटींच्या खालच्या कडा बघायच्या. राणीघरांच्या नुसत्या रिकाम्या वाट्या असतील तर काळजी नको. आत अंडं किंवा पांढरट खीर (राणीच्या अळीचं खाद्य) दिसली, की वसाहत त्याच दिवशी दोन पेट्यांत विभागायची.