मदत हवी आहे: चेलोची शिवण सुटली, गोव्यात दुरुस्ती कोण करतं?

नमस्कार मंडळी. फोंड्यात आम्ही हौशी लोक मिळून हायडन या पाश्चात्त्य संगीतकाराची स्ट्रिंग क्वार्टेट्स वाजवतो: दोन व्हायोलिन, एक व्हायोला (व्हायोलिनहून जरा मोठा), एक चेलो (त्याहून बराच मोठा). पावसाळा लागला आणि चेलोच्या तळाकडची शिवण, म्हणजे फळी आणि कडेची पट्टी यांचा जोड, बोटभर उघडली. जाड तार वाजवली की आतून फर्रर्र आवाज येतो. खुंट्याही फुगून अडकल्या आहेत.

तबला-पेटीवाले इथे हाकेच्या अंतरावर, पण चेलो पाहिला की हात जोडतात. एका दुकानदाराने फेविकॉल लावून देतो म्हटलं! ही वाद्यं सरसाने चिकटवतात ती मुद्दाम. लाकडावर ताण आला तर फळी तडकण्याआधी जोड सुटावा म्हणून. शिवाय पुढे कधी उघडायची वेळ आली तर सरस सुटतो, फेविकॉल लाकूड घेऊनच निघतो. तारा थोड्या सैल केल्यात, पूर्ण नाही, कारण आतला साउंड पोस्ट (दोन फळ्यांमधली लाकडी दांडी) नुसता दाबावर उभा असतो, तारा पूर्ण सोडल्या तर पडू शकतो.

पणजी, मडगाव, म्हापसा कुठेही चालेल. चर्चच्या क्वायरमध्ये किंवा कला अकादमीच्या पाश्चात्त्य संगीत विभागात कुणाची ओळख असेल तर विचाराल का? मुंबईला न्यायचा तर रेल्वेत कसा नेता, तेही सांगा. माझा तरी बर्थखाली मावणार नाही.

जाता जाता: आमचा व्हायोलावाला नोकरीसाठी पुण्याला चाललाय. आल्टो क्लेफ (व्हायोलाचं स्वरलेखन ज्या चिन्हाने लिहितात ते) वाचणारं कुणी असेल तर कळवा. व्हायोलिनवाले शिकायला तयार असतील तरी चालेल, वाद्य आमच्याकडे आहे.