लघवीच्या तपासणीतून कॅन्सर कळत असेल तर ती सरसकट सगळ्यांची का करू नये?

निशिगंधा
लघवीवरून कॅन्सर ओळखायच्या टेस्टबद्दल सध्या बरंच वाचायला मिळतंय, कुणी लघवीतले डीएनएचे तुकडे शोधतंय, कुणी प्रोटीन, कुणी वास. माझं स्पष्ट मत आहे की पन्नाशीनंतर प्रत्येकाची वर्षातून एकदा अशी टेस्ट व्हायलाच हवी. सुई नाही, उपाशी राहायचं नाही, बाटलीत लघवी करून द्यायची की झालं. लघवीच्या पिशवीच्या कॅन्सरमध्ये तर गाठीच्या पेशी थेट लघवीतच गळतात, पापानिकोलाऊ (ज्यांच्या नावाची पॅप टेस्ट आहे तेच) आणि मार्शल यांनी १९४५ मध्येच त्या पेशींवरून निदान करून दाखवलं होतं, आणि आपण अजून डोळ्यांना रक्त दिसेपर्यंत थांबतो! बायकांचं तर आणखीनच अवघड. लघवीत रक्त म्हटलं की इन्फेक्शन, गोळ्या, परत रक्त, परत गोळ्या. माझ्या मावशीच्या लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढतात का ते बघायची तपासणी) काहीही वाढलेलं नव्हतं तरी अँटिबायोटिक चालूच होतं, शेवटी सोनोग्राफीत पिशवीतली गाठ दिसली. असं कुणाचं होऊ नये म्हणून हा धागा.

स्लाइडवाला
मावशींचं वाचून वाईट वाटलं, पण मुद्द्याशी असहमत. मी सायटॉलॉजीत, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी तपासायचं काम करतो, लघवीच्या स्लाइड रोज बघतो. आक्रमक म्हणजे हाय ग्रेड कॅन्सर असेल तर पेशीचं केंद्रक मोठं, गडद, कडा वेड्यावाकड्या, लगेच नजरेत भरतं. पण लो ग्रेड म्हणजे कमी आक्रमक गाठीच्या पेशी नॉर्मल पेशींसारख्याच दिसतात, त्या सुटतातच. आणि उलट बाजूने मूतखडा असेल, इन्फेक्शन असेल, नुकताच कॅथेटर (लघवीची नळी) घातला असेल तर चांगल्या पेशीपण विचित्र दिसायला लागतात, मग रिपोर्टवर 'एटिपिकल' (नेहमीसारख्या नाहीत) लिहावं लागतं आणि त्या एका शब्दावर घरदार हादरतं.

आता समजा खूप चांगली टेस्ट आली, शंभरातले नव्वद रुग्ण पकडते आणि शंभरातल्या नव्वद निरोग्यांना बरोबर निरोगी म्हणते. हजार लोकांची केली आणि त्यात खरे कॅन्सरवाले पाच आहेत असं धरा. ते चार-पाच सापडतील, पण उरलेल्या ९९५ मधले जवळपास शंभर जण उगाच पॉझिटिव्ह येतील. त्या सगळ्यांचं सीटी स्कॅन, लघवीच्या मार्गातून पिशवीत दुर्बीण, आणि रिपोर्ट येईपर्यंतच्या रात्री, हे कोण भोगणार? अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सनेसुद्धा २०११ मध्ये हेच सांगितलं, की लक्षणं नसलेल्यांमध्ये पिशवीच्या कॅन्सरचं स्क्रीनिंग फायद्याचं आहे की तोट्याचं हे ठरवायला पुरेसा पुरावा नाही.

रानवारा
स्लाइडवाला, हे गणित पटलं पण ते सरसकट सगळ्यांना लागू होतं. ज्यांना धोका जास्त आहे तेवढ्यांचीच केली तर चित्र बदलतं ना? पिशवीचे साधारण निम्मे कॅन्सर धूम्रपानामुळे होतात. आणि रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना हा कॅन्सर होतो हे तर जर्मनीतल्या लुडविग रेन या सर्जनने १८९५ मध्येच दाखवलं होतं. म्हणजे कुणाला तपासायचं ते माहीत आहे. इराणमधल्या गोलेस्तानच्या मोठ्या अभ्यासात लोकांची लघवी आधीच साठवून ठेवलेली होती, ज्यांना पुढे पिशवीचा कॅन्सर झाला त्यांच्यातल्या काहींच्या जुन्या नमुन्यात टर्ट नावाच्या जीनमधला बदल सापडला, निदानाच्या दहा वर्षं आधीपर्यंत! २०२० मध्ये आलं हे. दहा वर्षं म्हणजे केवढा वेळ मिळाला.

अनुजा_प
वेळ मिळाला म्हणजे जीव वाचला असं नसतं हो. जपानचं उदाहरण कुणीच कसं काढलं नाही अजून? लहान मुलांमध्ये न्यूरोब्लास्टोमा नावाचा कॅन्सर होतो, त्या गाठीतून निघणारी काही द्रव्यं लघवीत उतरतात. म्हणून जपानने १९८० च्या दशकात देशभर सहा महिन्यांच्या बाळांची लघवी तपासायला सुरुवात केली. आईने घरीच फिल्टर पेपर बाळाच्या लघवीने ओला करायचा, वाळवायचा आणि पोस्टाने लॅबला पाठवायचा. याहून सोपी टेस्ट काय असणार! गाठी भराभर सापडायला लागल्या, त्या बाळांचं पुढे चांगलं चाललं होतं, सगळ्यांना वाटलं आपण जिंकलो. मग कॅनडातल्या क्वेबेकचा आणि जर्मनीचा असे दोन अभ्यास २००२ मध्ये आले, तपासलेल्या आणि न तपासलेल्या मुलांच्या मृत्यूंच्या प्रमाणात फरकच नव्हता. कारण तपासणीत सापडणाऱ्या बऱ्याच गाठी आपोआप विरघळणाऱ्या होत्या, आणि ज्या जीव घेतात त्या नंतर, मोठ्या वयात येत होत्या. म्हणजे गरज नसताना एवढ्याशा बाळांची ऑपरेशनं झाली, केमो दिली गेली. २००४ च्या सुमारास जपानने कार्यक्रम बंद केला. मला आजही हे वाचलं की त्या आयांचा विचार येतो, त्यांना तर कायम वाटत राहणार की टेस्टमुळेच आपलं बाळ वाचलं.

निशिगंधा
अनुजा, हे माहीत नव्हतं, वाचून सुन्न झाले. पण बाळांच्या गाठी विरघळतात म्हणून साठीच्या माणसाची हाय ग्रेड गाठ विरघळेल का? ती स्नायूत शिरली की पिशवीच काढायची वेळ येते. दोन्हीला एकच माप लावणं मला मान्य नाही.

केदार_म
पेशंट म्हणून लिहितो. माझ्या पिशवीतली गाठ वरच्या थरातली होती, काढली, पण हा कॅन्सर परत परत येतो त्यामुळे दर काही महिन्यांनी सिस्टोस्कोपी. जेली लावतात, दुर्बीण आत जाते, पाणी सोडतात तेव्हा पिशवी आत्ता फुटेल असं वाटतं, आणि नंतर दोन दिवस लघवीला जायचं म्हटलं की अंगावर काटा येतो. ज्याला हे करून घ्यावं लागत नाही त्याला 'मग दुर्बीण टाकू' हे वाक्य सोपं वाटतं. माझं म्हणणं, लघवीच्या टेस्टवर आधी आमच्यासाठी जोर लावा. निगेटिव्ह आली तर एखादी दुर्बीण टळेल एवढी भरवशाची टेस्ट आधी आम्हाला द्या, धडधाकट लोकांचं नंतर बघू.

स्लाइडवाला
केदारदादा, +१. फक्त अडचण तीच, लो ग्रेड सुटतात, म्हणून डॉक्टर दुर्बीण सोडायला धजावत नाहीत. पण काम तिथेच व्हायला हवं हे शंभर टक्के खरं.

वाटसरू
थोडं अवांतर. २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये कुत्र्यांवरचा अभ्यास आला होता. सात नमुन्यांतला पिशवीच्या कॅन्सरचा एक हुंगून ओळखायचा, नुसत्या अंदाजाने १४ टक्के वेळा बरोबर येईल, कुत्र्यांनी ४१ टक्के वेळा ओळखला. आणि ट्रेनिंगच्या वेळी एका निरोगी समजलेल्या माणसाचा नमुना कुत्रे सारखे दाखवत होते, म्हणून त्याची पुन्हा तपासणी केली तर किडनीत कॅन्सर निघाला. म्हणजे वासात काहीतरी आहे हे नक्की.

अनुजा_प
वासात आहे, पण ४१ टक्क्यांवर कुणाचं निदान करणार? जपानमध्येच २०२० पासून सूक्ष्म कृमींना लघवीचा वास देऊन करायची टेस्ट विकली जातेय, तिच्या मूळ रूपात धोका जास्त की कमी एवढंच कळतं, कुठल्या अवयवात ते नाही. असा रिपोर्ट हातात आलेल्या माणसाने डोक्यापासून पायापर्यंत काय काय तपासत सुटायचं?

रानवारा
गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं कुणी बोललंच नाही. तो ज्याच्यामुळे होतो तो एचपीव्ही व्हायरस लघवीच्या पहिल्या धारेत सापडतो. आतून तपासणी करून घ्यायच्या संकोचाने कितीतरी बायका जातच नाहीत, त्यांना घरून नमुना देता आला तर केवढी सोय! पॉझिटिव्ह आली तर पुढे काय करायचं तेही ठरलेलं आहे. माझ्या मते लघवीचा खरा उपयोग इथे आहे.

निशिगंधा
हे आवडलं. पण पिशवीबद्दल माझा प्रश्न तसाच राहतो. निम्मे धूम्रपानामुळे, मग उरलेले निम्मे? माझ्या मावशीने आयुष्यात सिगरेट हातात धरली नाही, रंगाच्या कारखान्यातही नव्हती. तुमच्या जास्त धोक्याच्या यादीत ती आलीच नसती.

स्लाइडवाला
नसती आली, खरंय. पण ताई, मावशींच्या बाबतीत नवी टेस्ट नव्हती म्हणून उशीर झाला नाही, रक्त दिसत होतं आणि कल्चर निगेटिव्ह होतं तरी कुणी पुढे पाठवलं नाही म्हणून झाला. न दुखता लघवीतून रक्त जाणं हे या कॅन्सरचं सगळ्यात नेहमीचं लक्षण, आणि ते आपोआप थांबतंसुद्धा, म्हणून लोक बरं झालं समजून गप्प बसतात. एकदाच गेलं तरी युरोलॉजिस्टला दाखवा. आणि सायटॉलॉजीला सांगितलं असेल तर सकाळची पहिली लघवी देऊ नका, रात्रभर पिशवीत राहून पेशी खराब झालेल्या असतात, त्यानंतरची द्या आणि लगेच लॅबला पोचवा.

निशिगंधा
पुढे पाठवायचं कुणी हाच तर प्रश्न आहे, ते डॉक्टरच्या मर्जीवर राहतं म्हणूनच मला सगळ्यांना मिळणारी टेस्ट हवीय. मी मत बदललेलं नाही.