साइक्स आडनावाचं मूळ शोधतेय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

यॉर्कशरमधल्या साइक्स या आडनावावर लेख लिहितेय आणि एका जागी अडलेय. ‘साइक’ म्हणजे तिकडच्या बोलीत लहानसा ओहोळ. असे ओहोळ उत्तर इंग्लंडमध्ये ठिकठिकाणी आहेत. म्हणजे ओहोळाकाठच्या कितीतरी घरांना हे नाव स्वतंत्रपणे पडलं असणार, असंच आपल्याला वाटेल. पण २००० साली ऑक्सफर्डचे जनुकशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स (हो, त्यांचंही आडनाव तेच) यांनी ४८ साइक्स पुरुषांचं वाय गुणसूत्र (आडनावासारखंच बापाकडून मुलाकडे जाणारं) तपासलं, तेव्हा जवळपास निम्म्यांत एकच नमुना निघाला. त्यावरून मूळपुरुष एकच असावा, असं त्यांनी मांडलं. इतक्या शतकांत दत्तक मुलं, आईचं नाव लावलेली मुलं आली असणारच. तरीही निम्मे जुळावेत, हे मला फार विलक्षण वाटतं.

तरी ४८ हा आकडा मला लहान वाटतो. याच आडनावाची पुढे मोठी तपासणी झाली आहे का?

दुसरं, यॉर्कशरमधल्या वेकफील्ड मॅनरच्या (जुन्या जहागिरीच्या) मध्ययुगीन न्यायनोंदी लॅटिनमध्ये आहेत. त्यांचे छापील खंड कुणी वापरले आहेत का? त्यांत नावं कशी शोधायची?

आणि यॉर्कशरमधल्या हडर्सफील्ड किंवा त्याजवळच्या कोल्न खोऱ्यात राहणाऱ्यांनी जरूर सांगा: दुकानांच्या पाट्यांवर, शाळेच्या हजेरीत, क्रिकेट क्लबांत साइक्स आजही सारखे भेटतात का? १८८१ च्या जनगणनेत त्यांची दाटी वेस्ट रायडिंगमध्येच (यॉर्कशरच्या पश्चिम भागात) होती. आजचे गावनिहाय आकडे कुठे मिळतील, तेही कळवा.