'जज जॉन डीड'सारखा न्यायाधीश सोलापूरला हवा का?

रोजनामा:
'पार्कचौक' यांनी बीबीसीची 'जज जॉन डीड' ही मालिका (2001 ते 2007) बघून लिहिलं, "असा नियम झुगारणारा एक न्यायाधीश सोलापूरच्या कोर्टात बसवा, सहा महिन्यांत बोर्ड (कोर्टासमोरच्या प्रकरणांची यादी) रिकामा होईल." त्यावर नुसत्या माना डोलवणारी उत्तरं आली, म्हणून सविस्तर लिहितोय.

डीड रंगवणाऱ्या मार्टिन शॉचं काम उत्तम आहे, त्यावर वाद नाही. पण डीड हायकोर्टाचा न्यायाधीश आहे. इंग्लंडात 1701 च्या कायद्यापासून अशा न्यायाधीशाला काढायचं तर संसदेच्या दोन्ही सभागृहांची मागणी लागते. लॉर्ड चॅन्सलरच्या खात्यातले लोक हात धुऊन मागे लागतात आणि तरी त्याची खुर्ची हलत नाही, ती यामुळे. आपला सत्र न्यायाधीश घटनेच्या कलम 235 खाली उच्च न्यायालयाच्या नियंत्रणात असतो. बदली, गोपनीय अहवाल, किती प्रकरणं निकाली काढली याचा हिशेब, सगळं वर जातं.

त्याहून मोठा फरक ज्युरीचा. तिथे दोषी की निर्दोष हे ज्युरी ठरवते, डीड फक्त खटला चालवतो आणि शिक्षा सुनावतो. आपल्याकडे 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ज्युरी संपवली. जो न्यायाधीश रिंगणात उतरून वकिलासारखा भांडेल, तोच इथे निकालही लिहिणार. डीडच्या सवयी इथे जास्त घातक ठरतील.

आणि मालिकेतली वकील जो मिल्स? तिचे आणि डीडचे संबंध सगळ्यांना ठाऊक, ती त्याच्याच समोर युक्तिवाद करते, घटस्फोटित बायको जॉर्ज दुसऱ्या बाजूने उभी राहते. इथे असं झालं तर विरुद्ध पक्षाचा वकील त्याच आठवड्यात बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम 447 खाली खटला दुसऱ्या कोर्टात वर्ग करण्याचा अर्ज टाकेल. 18 ऑगस्ट 2025 पासून त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचला जायचं. अर्जासोबत प्रतिज्ञापत्र, रोजनाम्याच्या (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीच्या) नकला. मग न्यायाधीशांचा अभिप्राय मागवला जातो, स्थगिती मिळाली तर साक्षीपुरावा थांबतो. आरोपी आत असेल तर आतच राहतो. बोर्ड रिकामा कुठून होणार?

पार्कचौक:
वकीलसाहेब, मी धाडसाबद्दल लिहिलं, तुम्ही कलमं काढली. बरं, कलमंच घेऊ. साक्ष अधिनियमाचं कलम 168 (जुन्या कायद्यातलं 165) सांगतं की न्यायाधीश कोणत्याही साक्षीदाराला, कधीही, कोणत्याही स्वरूपात, कोणताही प्रश्न विचारू शकतो. बीएनएसएस 348 खाली हवा तो साक्षीदार बोलावू शकतो. 347 खाली घटनास्थळ स्वतः जाऊन पाहू शकतो. घटनास्थळ पंचनाम्याचा कच्चा नकाशा बघा की! दोन चौकोन, एक बाण, 'अंदाजे 30 फूट', दिव्याचा खांब दाखवलेलाच नाही. आणि त्या नकाशावर ठरवायचं की रात्री नऊ वाजता चेहरा दिसला की नाही. उठून जा, बघा. कायद्याने दिलेला अधिकार वापरत नाहीत, हे माझं म्हणणं आहे.

आपल्या मातीत रामशास्त्री होऊन गेले. खुद्द राघोबादादाला देहांत प्रायश्चित्त सांगणारा माणूस. तो चौकटीतला होता काय?

काळा_कोट:
रामशास्त्र्यांना डीडच्या पंगतीला बसवू नका, राग येतो. 1773 साली नारायणरावांचा खून झाला, रामशास्त्र्यांनी खुनाला शास्त्रात जे प्रायश्चित्त होतं तेच सत्ताधाऱ्याला सांगितलं आणि पद सोडून निघून गेले. त्यांनी एकही नियम वाकवला नाही. नियम सगळ्यांना सारखा लावला, आणि ते करायला छाती लागते. डीड स्वतःला नियमातून वगळतो.

168 पूर्ण वाचा. त्यातच लिहिलंय की निकाल संबद्ध आणि रीतसर शाबित झालेल्या गोष्टींवरच द्यायचा. शिवाय न्यायाधीशाच्या प्रश्नाला आलेल्या उत्तरावर उलटतपास घ्यायचा तर परवानगी लागते. रामचंदर विरुद्ध हरियाणा (1981) मध्ये सत्र न्यायाधीशाने फिरलेल्या साक्षीदारांना खोट्या साक्षीच्या खटल्याची धमकी दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की न्यायाधीशाने टेपरेकॉर्डर होऊ नये, पण सरकारी वकीलही होऊ नये.

347 चं म्हणाल तर दोन्ही बाजूंना सूचना द्यायची, जाऊन यायचं, टिपण लगेच लिहून रेकॉर्डवर ठेवायचं, पक्षकाराने मागितली तर प्रत फुकट द्यायची. अवघड काही नाही. पण खटला उभा राहतो घटनेनंतर पाच-सहा वर्षांनी. तेव्हाचा पिवळा सोडियमचा दिवा जाऊन एलईडी आलेला असतो, पत्र्याच्या शेडच्या जागी दोन मजले चढलेले. न्यायाधीश बघणार तो उजेड घटनेच्या रात्रीचा नव्हेच.

पूर्वभाग:
तुमचा डीड आणि तुमचे रामशास्त्री बाजूला ठेवा. सोलापुरात खटले बिघडतात ते साक्ष लिहून घेताना, आणि त्यावर इथे एक अक्षर नाही.

यंत्रमागावरचा कामगार किंवा विडी वळणारी बाई पिंजऱ्यात येते. घरची भाषा तेलुगू. वकील मराठीत विचारतो, "तुम्ही आरोपीला बघितलं नाही ना?" ती म्हणते, "अवुनु." म्हणजे 'हो, नाही बघितलं' की 'हो, बघितलं'? पट्टेवाला मध्येच सांगतो, "हो म्हणते साहेब." न्यायाधीश टंकलेखकाला सांगतात: 'हे म्हणणे खरे आहे की, मी आरोपीला पाहिले नाही.' संपली केस.

'मोन्ना' म्हणजे परवा, पण बोलण्यात चार-आठ दिवसांपूर्वीलाही मोन्नाच म्हणतात. नोंद होते 'परवा', फिर्यादीतली तारीख जुळत नाही, आणि युक्तिवादात ती विसंगती ठरते. 'बावा' म्हणजे मोठ्या बहिणीचा नवरा, आणि वयाने मोठा आतेभाऊ-मामेभाऊसुद्धा. लिहिलं जातं 'मेहुणा'. हितसंबंधी साक्षीदार म्हणून तिची साक्ष पातळ करायला तेवढं पुरतं.

सातरस्ता:
न पटणारं आहे. जिल्हा न्यायालयांची भाषा 1998 पासून मराठी आहे. पिढ्यान्‌पिढ्या सोलापुरात राहणाऱ्याला मराठी येत नाही हे कोणाला सांगता? बाजारात घासाघीस मराठीत होते, कोर्टातच कशी अडते? उद्या अक्कलकोटचा माणूस कानडीचा हट्ट धरेल. मग खटले कधी संपायचे?

पूर्वभाग:
भाजीचा भाव करणं आणि उलटतपासातला दुहेरी नकार ओळखणं एकच वाटतं तुम्हाला? त्या बाईचं मराठी काढू नका. अक्कलकोटच्या माणसाने कानडीत साक्ष दिली तर तो हट्ट नाही, कायद्याने दिलेली सोय आहे. बीएनएसएस 312: साक्षीदार दुसऱ्या भाषेत बोलला तर शक्य असेल तर त्याच भाषेत लिहून घ्यायचं, नाहीतर खरं भाषांतर तयार करायचं. 317: दुभाष्याने खरं तेच भाषांतर सांगणं बंधनकारक. पट्टेवाला हा दुभाषी नव्हे, आणि बाररूममधून हाक मारून आणलेला ज्युनिअरही नव्हे.

रोजनामा:
सातरस्ता, भाषेचा अभिमान मलाही आहे, पण इथे पूर्वभागचं बरोबर आहे. मी 313 ची भर घालतो. साक्ष संपली की ती आरोपीच्या किंवा त्याच्या वकिलाच्या समक्ष साक्षीदाराला वाचून दाखवायची. रेकॉर्डची भाषा त्याला कळत नसेल तर त्याच्या भाषेत समजावायची. एखादा भाग चुकला असं तो म्हणाला तर न्यायाधीश दुरुस्ती करतात किंवा हरकतीचं टिपण जोडतात. प्रत्यक्षात खाली 'वाचून दाखवली, बरोबर असल्याचे कबूल' एवढी तयार ओळ छापली जाते, बाई सही किंवा अंगठा करते, तोवर पुढच्या प्रकरणाचा पुकारा झालेला असतो.

बोर्डावर साठ प्रकरणं असताना जो न्यायाधीश पुकारा थांबवून दोन पानं सावकाश वाचून दाखवेल, त्याला चाकोरीबाहेरचा म्हणायला मी तयार आहे. पार्कचौक, एवढं तुमचं मान्य. डीड मात्र मान्य नाही.

पार्कचौक:
चला, काहीतरी मान्य केलंत. डीडच्या प्रेमप्रकरणांचं समर्थन मीही करत नाही, तो मुद्दा सोडला. 347 चा सोडणार नाही. एलईडी आला म्हणून अंतर बदलत नाही, गल्लीचं वळण बदलत नाही. ओट्यावरून कोपऱ्यापलीकडचं दिसतं का, हे आजही उभं राहून कळतं.

काळा_कोट:
वळणापुरतं ठीक. उजेडापुरतं नाही.

सातरस्ता:
दुभाषी प्रत्येक तारखेला आणायचा कुठून, हे कोणीच सांगितलेलं नाही.

पूर्वभाग:
प्रत्येक तारखेला लागतच नाही. समन्स बजावून आलं की साक्षीच्या तारखेआधी अर्ज द्या. त्यात तीन गोष्टी मागा. शपथेवर दुभाषी. नकारार्थी आणि नात्याचे प्रश्न 311 खाली प्रश्न-उत्तर रूपातच नोंदवणं. आणि 'बावा', 'मोन्ना' असे शब्द साक्षीदाराच्या तोंडचे जसेच्या तसे देवनागरीत लिहून पुढे कंसात मराठी अर्थ. अर्ज नामंजूर झाला तरी त्याला निशाणी क्रमांक (रेकॉर्डवरचा नोंद क्रमांक) पडतो, अपिलात दाखवता येतो. साक्ष संपल्यावर मात्र लगेच उभं राहून "वाचून दाखवा" म्हणायचं. अंगठा उमटल्यावर हरकत घेतली तर ती वकिलाची हरकत म्हणून नोंदते, साक्षीदाराची म्हणून नाही.